बीडच्या बार्शी नाक्याजवळचं बिनबोर्डाचं गॅरेज: जुन्या जीपचा गळका वॉटर पंप, पाचपैकी चार तारे

आधी निकाल सांगतो, रडगाणं नंतर. प्युजो इंजिनाची जुनी महिंद्रा जीप असेल, इंजिनातलं पाणी फिरवणारा वॉटर पंप गळत असेल आणि जो तो "नवीन असेंब्ली, म्हणजे आख्खा पंपच, टाकून मोकळे व्हा" म्हणत असेल, तर बीडला बार्शी नाक्याजवळ एक पत्र्याचं शेड आहे, तिथं जा. बोर्ड नाही, त्यामुळे नाव सांगता येत नाही. तिथल्या वस्तादांना लहानथोर सगळे चाचाच म्हणतात. ते पंप खोलतात, किट टाकतात, परत बसवतात आणि तो गळत नाही. एक तारा का कापला तेही सांगणार आहे, कारण तो कापण्यासारखाच आहे.

गाडी माझी एमएम ५५०. इंजिन एक्सडी३पी, २४९८ सीसी, चार सिलिंडर डिझेल. टर्बो नाही, सेन्सर नाही, दुखलं-खुपलं तर सांगायला डॅशबोर्डवर धड दिवेही नाहीत. तापमानाचा एक काटा आहे, तेवढाच बोलतो. मी गुरांचा डॉक्टर, मुक्काम धारूर. फिरणं घाटावरच्या वाड्यांवर आणि घाटाखालच्या तांड्यांवर. उन्हाळ्यात कुठलीही गाडी चालते हो, पण मृगाच्या पावसानंतर काळ्या रानातला शेतरस्ता म्हणजे नुसता राडा. मोटरसायकलच्या मडगार्डात चिखल भरून चाक फिरायचं बंद होतं. देवणी गाय आडली म्हणून रात्री फोन आला की पुढचा गिअर, म्हणजे पुढच्या चाकांनाही जोर देणारा, टाकून जाणारी हीच जीप. मागे बर्फाचा डबा असतो, त्यात लाळ्या-खुरकुताची लस. ती २ ते ८ अंशातच राहायला लागते. गाडी तापून रस्त्यात उभी राहिली की माझी लसही तापते, म्हणून इंजिनाच्या पाण्याशी माझा संबंध इतर गाडीवाल्यांपेक्षा जरा जास्तच.

गळती सुरू झाली ती चोरपावलांनी. सकाळी गाडीखाली हिरवट ओल, रेडिएटरमधलं पाणी बोटभर खाली. पंख्याच्या समोरून गळत असल्यानं होतं काय, की इंजिन चालू झालं की पंखा ते पाणी उडवून सगळीकडे शिंपडतो. बॅटरीच्या पट्टीवर डाग, बॉनेटच्या आतल्या बाजूला डाग, डायनामोवर डाग. बघणारा प्रत्येक जण वेगळ्या जागेकडे बोट दाखवतो. मग तेलगावहून धारूरचा घाट चढताना काटा कधी नव्हे तो उजवीकडे झुकायला लागला, आणि एकदा तर वरच्या वळणावर झाकणातून वाफ. खाली माजलगावकडचा सगळा मुलूख उन्हात पसरलेला, जवळ प्यायच्या पाण्याची एक बाटली, आणि गाडीला ती पाजावी की आपण प्यावी हा प्रश्न. लातूरला २०१६ साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तो हा प्रदेश. इथं गळकी गाडी बाळगणं म्हणजे शेजाऱ्यांचे टोमणे फुकट.

सल्ले भरपूर मिळाले. ढाब्यावरच्या एका ट्रकवाल्यानं सांगितलं, रेडिएटरमध्ये मूठभर हळद टाका, वसमतची असेल तर उत्तमच. हा उपाय अगदीच खोटा नाही बरं का. रेडिएटरच्या नळीला सुईएवढं भोक असेल तर हळदीचा गाळ तिथं अडकून तात्पुरतं बुजतं. पण पंपाच्या फिरत्या शाफ्टजवळचं गळणं हळदीनं थांबत नाही. उलट तोच गाळ रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतो आणि गाडी आणखी तापते. मी मान डोलावली आणि हळद भाजीसाठी ठेवली. मग एका गॅरेजात नेली. त्यांनी पंपाच्या सांध्यावर बाहेरूनच राखाडी सिलिकॉनचा थर थापला आणि पैसे घेतले. तो थर महिन्याभरात पोपडा धरून गळून पडला. दुसऱ्या ठिकाणी बॉनेट पूर्ण उघडायच्या आधीच "असेंब्ली बदला" असा निकाल मिळाला. माझ्या धंद्यातही असे लोक आहेत: जनावराला हात न लावता, ताप न बघता, दारातूनच इंजेक्शन टोचून पुढच्या गोठ्यात जाणारे. त्यामुळे हा प्रकार मला चांगला ओळखू येतो.

असेंब्ली घ्यायला मी दुकानात गेलोही होतो. जुन्या प्युजोचे अस्सल सुटे भाग आता सहजी मिळत नाहीत, काउंटरवर येतो तो बहुतेक वेळा नकली माल, डबा मात्र झकास. पंप हातात घेतला तर हलका. त्याचं गॅस्केटचं (सांध्यात घालतात त्या कागदी पट्टीचं) तोंड दुकानाच्या काउंटरच्या काचेवर पालथं ठेवून पाहिलं, तर तो डुगडुगला. म्हणजे तोंडच सपाट नाही. असला पंप इंजिनावर आवळला की गॅस्केट एका बाजूला चेपणार, दुसऱ्या बाजूला सैल राहणार, आणि गळती नव्या जागेवरून सुरू. आतल्या पंख्याची, म्हणजे इम्पेलरची पातीही जुन्या पंपापेक्षा उथळ दिसली. पाती उथळ म्हणजे पाणी कमी ढकललं जाणार. दुकानदार म्हणाला, "डॉक्टर, सगळे हेच नेतात." नेत असतील. मी डबा परत सरकवला.

चाचांकडे मला पाठवलं ते एका जुन्या काळी-पिवळीवाल्यानं. ज्यांना आठवत नसेल त्यांच्यासाठी: बीड, केज, अंबाजोगाई, गेवराई या सगळ्या रस्त्यांवर एके काळी कमांडर जीपची काळी-पिवळी टॅक्सी चालायची. आत दहा, मागे लटकलेले पाच, टपावर बकऱ्या. त्यातल्या बऱ्याच कमांडरांतही प्युजो इंजिन असायचं, आणि ती इंजिनं उन्हाळ्यात रोज तापायची. चाचांचा हात बसला तो त्या गाड्यांवर. एका माणसानं एकच इंजिन इतक्या वेळा उघडलं असेल, की त्याला पुस्तकाची गरज राहिलेली नाही.

पहिली गोष्ट जी मला आवडली: त्यांनी पाना हातात घेतलाच नाही. म्हणाले, "डाक्टरसाब, पैले देखते पानी किधर से आरा. खोलने की जल्दी नक्को." मग भाच्याला डिझेल आणि ब्रश घेऊन इंजिनाचं तोंड धुवायला लावलं. जुने डाग, सिलिकॉनचे पोपडे, घाटातली धूळ, सगळं साफ. कॉम्प्रेसरच्या हवेनं कोरडं केलं. मग खिशातून काढल्यासारखा पावडरचा डबा काढला, तान्ह्या बाळाला लावतात तीच, आणि पंपाच्या अंगावर, होजच्या, म्हणजे रबरी नळ्यांच्या, तोंडांवर, सांध्यांवर पांढरी पावडर फुंकली. इंजिन चालू केलं, गरम होऊ दिलं, बंद केलं. बंद केल्यावर आतला दाब लगेच उतरत नाही आणि पंखा थांबलेला असल्यानं पाणी उडतही नाही. खरं बघायचं ते तेव्हाच. टॉर्च आणि दाढीचा एक छोटा आरसा घेऊन ते पंपाच्या पोटाखाली बघत होते. पावडरवर दोन ठिकाणी ओल उमटली होती. एक, खालच्या होजच्या तोंडाशी, किरकोळ. दुसरी, पंपाच्या पोटाला असलेल्या भोकाखाली, आणि तिथून धार काढल्यासारखी रेघ खाली गेलेली.

हे भोक काय आहे ते ज्यांना माहीत नाही त्यांनी ऐका, कारण काही शहाणे तेच बुजवायला निघतात. वॉटर पंपात एक शाफ्ट असतो. पुढच्या टोकाला पुली आणि पंखा, मागच्या टोकाला पाण्यात फिरणारं इम्पेलर. मध्ये बेअरिंग. पाणी बेअरिंगपर्यंत येऊ नये म्हणून इम्पेलरच्या पुढे एक सील असतं: स्प्रिंगनं दाबलेली कार्बनची कडी, एका गुळगुळीत चकतीवर घासत फिरणारी. या सीलमधून काही पाझरलंच तर ते बेअरिंगमध्ये न शिरता बाहेर पडावं म्हणून सील आणि बेअरिंगच्या मध्ये हे भोक ठेवलेलं असतं. म्हणजे भोक गळतंय याचा अर्थ सील गेलं. भोक बुजवलं तर पाणी थेट बेअरिंगमध्ये जातं, ग्रीस धुऊन निघतं, बेअरिंग खिळखिळं होतं आणि मग एखाद्या दिवशी पंखा सरळ जाऊन रेडिएटरमध्ये घुसतो. चाचांनी पंख्याचं पातं धरून पुढे-मागे हलवलं. बारीक टक-टक आली. "सील भी गया, बेरिंग भी." निदान पूर्ण. अजून एकही बोल्ट सुटलेला नव्हता.

खोलाखोली सुरू झाली. खालचा होज काढून पाणी एका पसरट घमेल्यात सोडलं, आणि ते घमेलं दारातच ठेवलं. तिथं माझं त्यांच्याशी पहिलं वाजलं. रेडिएटरच्या पाण्यात मिसळतात त्या कूलंटमध्ये एथिलीन ग्लायकॉल असतं, चवीला गोड. कुत्री, शेळ्या, वासरं ते चाटतात. पोटात गेल्यावर त्याचे ऑक्झलेटचे स्फटिक मूत्रपिंडात बसतात आणि जनावर दोन-तीन दिवसांत लघवी बंद होऊन मरतं. कुत्र्याला किलोमागे साधारण ५ मिलिलिटरच्या आसपास पुरतं. दहा किलोच्या गावठी कुत्र्याला अर्धा चहाचा कप. आणि शेडच्या दारात तर एक लालसर कुत्री पिल्लांसह पसरलेली होती, शेजारच्या घरच्या दोन उस्मानाबादी शेळ्याही मोकळ्याच. मी घमेलं उचलून आत नेलं, वर पत्रा झाकला आणि चाचांना हे सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं, भाच्याकडे बघितलं आणि म्हणाले, "पिछले साल वो काला कुत्ता ऐसेइच गया था क्या रे?" भाचा काही बोलला नाही. पुढच्या खेपेला गेलो तेव्हा झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा आलेला होता, एवढं नोंदवतो. सगळ्याच गॅरेजवाल्यांनी तो ठेवावा. शंभर-सव्वाशे रुपयांची गोष्ट आहे.

बरं, पंप. डायनामोचा बोल्ट ढिला करून पट्टा काढला, पंखा काढला, मग पंपाचे बोल्ट. हे बोल्ट वेगवेगळ्या लांबीचे असतात आणि लांब बोल्ट आखूड जागी गेला तर आत काहीतरी फुटतं. चाचांनी बिस्किटाच्या खोक्याचा पुठ्ठा घेतला, त्यावर पंपाचा आकार खडूनं काढला, आणि जो बोल्ट जिथून निघाला तो पुठ्ठ्यावर त्याच जागी भोक पाडून खोचला. इतकी साधी गोष्ट, पण मोठ्या एसी वर्कशॉपमध्येही मी बोल्ट एकाच वाटीत खळखळताना ऐकलेत. एक बोल्ट गंजून बसला होता. त्याला जोर लावला नाही. गॅसची ज्योत भोवती फिरवली, केरोसीन सोडलं, डोक्यावर हातोडीनं हलकेच ठोकत राहिले, चहा झाला, परत ठोकलं. मग पान्याला टुक असा आवाज करून तो सुटला. त्या बोल्टचं डोकं तुटलं असतं तर वेल्डिंग, ड्रिल, आणि गाडी आठवडाभर तिथंच.

पंप बाहेर आला तेव्हा आतलं चित्र बघण्यासारखं होतं. इम्पेलरच्या पात्यांच्या कडा खाल्लेल्या, भिंतींवर पांढरट-तांबूस खरपुडी. ती खरपुडी आपल्या बोअरच्या पाण्याची. इथला सगळा काळा पाषाण; त्यातून झिरपून येणारं पाणी जड, क्षारांनी भरलेलं. घरातल्या बादलीला जो पांढरा थर येतो तोच इंजिनात बसतो, फरक एवढाच की तिथं तो घासायला कोणी नसतं. क्षाराचे कण सीलच्या कार्बनमध्ये शिरतात आणि कार्बनवर रेघा पडतात. चाचांनी जुनं सील माझ्या तळहातावर ठेवलं. चकतीसारखी चकचकीत असायला हवी ती कडी, तिच्यावर नखाला लागतील असे चरे होते. आणि बेअरिंगमधलं ग्रीस तपकिरी रंगाचं पातळ पाणी होऊन ओघळत होतं.

किट आणलं: शाफ्टसकट बेअरिंग, सील, गॅस्केट. इम्पेलर जुनंच पण कडा फाइलनं साफ करून. नवीन नकली इम्पेलरपेक्षा हे बरं, असं त्यांचं मत, आणि काचेवर डुगडुगणारा पंप बघितल्यानंतर माझंही. जुनं बीडाचं, म्हणजे ओतीव लोखंडाचं, अंग जड आणि सरळ होतं. जुनं बेअरिंग काढण्याआधी चाचांनी व्हर्नियर लावून पुलीच्या बैठकीचं पंपाच्या तोंडापासूनचं अंतर मोजलं आणि भिंतीवर खडूनं लिहिलं. ही पायरी चुकते तिथं पुली एक-दोन मिलिमीटर पुढे-मागे बसते, पट्टा तिरका पळतो, कडा खातो, आणि नवं बेअरिंगही लवकर जातं. मग पंपाचं अंग उकळत्या पाण्यात ठेवलं. ज्योतीनं नाही, पाण्यानं, म्हणजे सगळीकडून सारखं गरम. गरम अंग थोडं प्रसरण पावतं आणि थंड बेअरिंग प्रेसखाली सरळ आत जातं. प्रेस म्हणजे लोखंडी चौकटीत उभा केलेला ट्रकचा जॅक. दिसायला कळकट, पण चाल गुळगुळीत.

सील बसवताना भाच्याला बाजूला केलं. ते काम कुणाला देत नाहीत म्हणे. साबण लावून हात धुतले, पुसले, सील कागदातून काढताना कार्बनला बोट लागू दिलं नाही. रबराला तेल-ग्रीस नाही, साबणाचं पाणी; तेलानं रबर फुगतं. सीलच्या बाहेरच्या पितळी काठावर बसेल एवढ्याच व्यासाचा पाइपचा तुकडा घेतला आणि जॅक इंचाइंचानं नव्हे, केसाकेसानं वर घेतला. सगळ्या शेडमध्ये तेवढा वेळ रेडिओही बंद. मग इम्पेलर दाबलं आणि त्याच्या व अंगाच्या मधली फट फिलर गेजनं (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) चार ठिकाणी तपासली. फट जास्त राहिली तर पाणी तिथल्या तिथं घुमतं, कमी राहिली तर इम्पेलर घासतं. हातानं शाफ्ट फिरवला. आवाज नाही, अडकणं नाही.

किटमधलं गॅस्केट त्यांना पातळ वाटलं. गॅस्केटचा कागद घेतला, पंपाच्या तोंडावर ठेवला आणि गोल डोक्याच्या हातोडीनं कडेकडेनं टकटक करत गेले. लोखंडाच्या कडेवर कागद आपोआप कापला जातो, आणि आतली भोकंही हातोडीच्याच डोक्यानं. दहा मिनिटांत नेमकं गॅस्केट तयार. दोन्ही बाजूंना शेलॅकचा, म्हणजे चिकट मसाल्याचा, अगदी पातळ हात. इंजिनाचं तोंड आधी खरवडून, पॉलिश पेपरनं घासून आरशासारखं केलेलं होतं. "मसाला जास्ती लगाया तो अंदर जाके नली बंद करता." त्या राखाडी सिलिकॉनवाल्यांना हे वाक्य कोणी पाठवा.

आता दुसरं भांडण. थर्मोस्टॅट, म्हणजे पाणी तापल्यावरच रेडिएटरची वाट उघडणारा वॉल्व्ह. चाचांनी तो वॉल्व्ह काढून बाजूला ठेवला आणि म्हणाले, इकडच्या गरमीत याचं काय काम. मराठवाड्यात बऱ्याच जुन्या डिझेल गाड्यांत हा वॉल्व्ह नसतोच, असाच कोणीतरी काढून फेकलेला असतो. माझं म्हणणं असं की वॉल्व्ह काढल्यावर इंजिन लवकर गरम होत नाही, डिझेल जास्त पितं, सिलिंडर जास्त झिजतात. शिवाय बऱ्याच इंजिनांत हाच वॉल्व्ह उघडताना बायपासची वाट बंद करतो. तो काढला की थोडं गरम पाणी रेडिएटरला न जाता इंजिनातच गोल फिरत राहतं, म्हणजे घाटात उलट जास्त तापायची शक्यता. चाचा पटायला तयार नव्हते. शेवटी चहाच्या पातेल्यात पाणी ठेवलं आणि वॉल्व्ह दोऱ्यानं लटकवला. वॉल्व्हवर ८२ कोरलेलं होतं, म्हणजे तेवढ्या अंशांना उघडायला हवा. माझ्या बॅगेतला थर्मामीटर ४२ च्या पुढे जात नाही, त्यामुळे मोजमाप झालं नाही. पण पाण्याला बारीक बुडबुडे येऊन ते सणसणायला लागलं, पूर्ण उकळी फुटायच्या आधी वॉल्व्हनं तोंड उघडलं, आणि गार पाण्यात टाकताच मिटलं. चालू आहे म्हणजे बसणार. बसवला, पण बसवताना चेहरा असा की जणू माझ्यावर उपकारच करताहेत.

पाणी भरायच्या वेळी भाचा कॅन घेऊन आला. बोअरचं. मी गाडीतून डिस्टिल्ड वॉटरचे कॅन आणि कूलंट काढलं, निम्मं-निम्मं मिसळून भरलं. नुसतं थंडीत गोठू नये म्हणून कूलंट टाकतात असा आपल्याकडे समज आहे, आणि बीडात कुठली आलीय गोठणारी थंडी. पण निम्म्या कूलंटचं मिश्रण १०६-१०७ अंशांना उकळतं, नुसतं पाणी १०० ला, बालाघाटाच्या उंचीवर त्याहून थोडं आधीच. वर रेडिएटरचं झाकण दाब धरतं त्यामुळे उकळी आणखी वीसेक अंश वर सरकते. आणि गंज-क्षार रोखणारी द्रव्यं त्यात असतात, ती वेगळीच. झाकणाचं रबर माझं चिरलेलं निघालं, तेही बदललं. हे झाकण कोणी तपासत नाही. पंपावर पंप बदलतात आणि वर दीडशे रुपयांचं झाकण दाब सोडत बसलेलं असतं.

झाकण उघडं ठेवून इंजिन चालवलं, बुडबुडे थांबेपर्यंत पाणी वाढवत गेलो, वरचा होज हातानं दाबून अडकलेली हवा काढली. पट्टा अंगठ्यानं दाबून अर्धा इंच लवेल एवढाच ताणला. पट्टा फार ताणणं हेही बेअरिंग जाण्याचं एक कारण असतं, हे चाचांनी भाच्याला माझ्यासमोर दोनदा ऐकवलं.

खर्च: किट ६५०, होज १८०, झाकण १५०, मजुरी १,६००. एकूण २,५८० रुपये. कूलंट आणि डिस्टिल्ड पाणी माझं. तो डुगडुगणारा नवा पंप २,८०० ला होता, मजुरी वेगळी. म्हणजे वाचले, पण पैसे वाचवायला इथं जावं एवढेही वाचत नाहीत. एक पूर्ण दिवस आणि दुसऱ्या दिवसाची सकाळ गेली ती धरली तर माझं नुकसानच. चाचा "शाम तक" म्हणतात तेव्हा कुठली संध्याकाळ ते सांगत नाहीत.

कापलेला तारा यासाठीही आहे, आणि पावतीसाठी. पावती मिळत नाही, मागितली तर वहीच्या कागदावर आकडे लिहून देतात. फोन उचलत नाहीत. बसायला टायर. बोल्ट किती आवळला ते मोजणारा टॉर्क पाना नाही, सगळं हाताच्या अंदाजानं. त्यांच्या हातावर माझा विश्वास बसला, पण भाच्याच्या हातावर अजून नाही, आणि मागच्या बाजूला एका क्रूझरवर भाचा एकटाच काम करत होता. आणि ते घमेलं.

त्यानंतर मे महिन्यात, दुपारी, मागे दोन माणसं आणि लसीचा डबा घेऊन धारूरचा घाट दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये चढलो. काटा मध्याच्या जरा पुढे गेला आणि तिथंच थांबला. पंपाच्या भोकाखाली बोट फिरवून बघतो अधूनमधून, कोरडं असतं. काही शे किलोमीटरनंतर बोल्ट परत आवळून घ्या म्हणाले होते, गॅस्केट दबतं म्हणून. गेलो, आवळून दिले, पैसे घेतले नाहीत, चहाचे मात्र मला द्यायला लावले.

जाणाऱ्यांसाठी: शुक्रवारी दुपारी नमाजाच्या वेळेला शेड बंद असतं. सकाळी लवकर जा, इंजिन थंड लागतं. पाणी आणि कूलंट आपलं न्या. थर्मोस्टॅट काढायचा नाही हे आधीच सांगा, नंतर सांगून उपयोग नाही. प्युजो किंवा जुनं डीआय (डायरेक्ट इंजेक्शन) डिझेल इंजिन असेल तरच जा. माझ्यासमोर एक नवी कॉमन-रेल, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या डिझेल इंजिनाची थार आली होती, तिच्या बॉनेटमध्ये चाचांनी एकदा डोकावून बघितलं, बॉनेट हळूच लावलं आणि मालकाला सांगितलं, "भाई, ये कंपनी में लेके जाओ."